फॅरामीरच्या ओळीसमोरची हिरवी खूण

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीच्या आणि तिच्यावरील चित्रपटांच्या मराठी चाहत्यांस, विशेषतः संवादांचा तक्ता तयार करणाऱ्या आमच्या वाचनकट्ट्यातील मित्रमैत्रिणींस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी चार-पाच जणांनी मोठ्या चिकाटीने केलेला तक्ता माझ्या हाती आला. २००१, २००२ आणि २००३ या तीन वर्षांच्या डिसेंबरात एकामागोमाग एक प्रदर्शित झालेल्या पीटर जॅक्सन यांच्या तिन्ही चित्रपटांतील मुख्य संवाद तुम्ही उतरवून घेतले, १९५४ आणि १९५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या टोल्किन यांच्या कादंबरीशी ते ताडून पाहिले, आणि जे वाक्य पुस्तकात सापडले त्यासमोर हिरवी, जे सापडले नाही त्यासमोर लाल खूण केली. नऊ तासांहून अधिक लांबीच्या चित्रपटांचे आणि हजाराहून अधिक पानांच्या कादंबरीचे हे काम म्हणजे किती जागरणे झाली असतील, याची कल्पना येते. त्यानंतरच्या दोन बैठकांत मात्र एका बाजूने लाल खुणा मोजून ‘पुस्तकाची केवढी मोडतोड केली’ असे म्हणायचे आणि दुसऱ्या बाजूने हिरव्या मोजून ‘याहून निष्ठा ती कोणती’ असे विचारायचे, एवढेच चालले. मी दोन्ही वेळा गप्प बसले, कारण मला जे म्हणायचे होते ते खुणा मोजण्याबद्दलच होते आणि मोजणी ऐन भरात आलेली असताना ते कोणी ऐकून घेतले असते असे वाटत नाही.

मी मुद्रितशोधनाचे काम करते. मूळ प्रत डावीकडे, प्रूफ उजवीकडे, आणि बोट ओळीवर, असे ताडून पाहण्यात माझा दिवस जातो, त्यामुळे ताडून पाहणाऱ्यांना हिणवण्याचा मला अधिकार नाही. पण या कामात सर्वांत उशिरा सापडणारी चूक अक्षराची नसते. मजकूर एका जागेवरून कापून दुसरीकडे चिकटवताना एखादी ओळ भलत्या परिच्छेदात जाऊन बसते, किंवा अवतरणचिन्ह एका ओळीने खाली सरकते आणि सुनेचे वाक्य सासूच्या तोंडी जाते. वेलांट्या, मात्रा, अनुस्वार सगळे जागच्या जागी असते. शब्दाला शब्द लावून पाहणाऱ्याला तिथे काहीच सापडत नाही. आणि तरीही ते पान चुकलेले असते. तुमच्या तक्त्यात मला नेमके हेच दिसले.

दुसऱ्या चित्रपटाच्या पानावर एक हिरवी खूण आहे. जी भल्याभल्यांना मोहात पाडते आणि जी नष्ट करायला फ्रोडो हा बुटका हॉबिट निघाला आहे, ती अंगठी आपल्यासमोर उभ्या असलेल्या या फ्रोडोजवळच आहे, हे फॅरामीरला कळते आणि तो म्हणतो की, फॅरामीर कोणत्या मातीचा आहे हे दाखवण्याची, गाँडोरच्या या सेनानीला, ही संधी चालून आली आहे. वाक्य पुस्तकातलेच आहे आणि जवळजवळ शब्दशः आहे, म्हणजे तुमच्या नियमाप्रमाणे खूण बरोबरच आहे. पण ते पान उघडून पुढच्या दहा ओळी वाचा. धबधब्यामागच्या गुहेत बोलता बोलता फ्रोडोचा सोबती सॅम याच्या तोंडून अंगठीचे नाव निसटले आहे. फॅरामीर अगदी सावकाश, हलक्या आवाजात, चमत्कारिक हसत एकेक गोष्ट जोडत जातो : बोरोमीरने (फॅरामीरच्या भावाने) ती बळजबरीने घेऊ पाहिली, तुम्ही निसटलात, आणि धावत धावत आलात ते थेट माझ्याकडे. मग ते संधीचे वाक्य येते, आणि तो ताडकन उभा राहतो. फ्रोडो आणि सॅम स्टुलांवरून उठून भिंतीला पाठ लावतात आणि तलवारीच्या मुठी चाचपू लागतात. गुहेतली बाकी माणसे बोलायची थांबतात. आणि फॅरामीर पुन्हा खुर्चीत बसतो, हळूच हसू लागतो, आणि एकदम गंभीर होतो. ही वस्तू रस्त्यात पडलेली मिळाली तरी मी घेणार नाही, असे ती वस्तू काय आहे हे माहीत नसतानाच तो बोलून गेला होता, आणि आता माहीत झाल्यावरही तो शब्द तो फिरवत नाही. त्या वाक्यात धमकी आहे ती आपल्याला वाटते म्हणून. त्याच्या दृष्टीने ती स्वतःच्याच भावाच्या मोहाकडे पाहून केलेली कडवट थट्टा आहे.

चित्रपटात हेच वाक्य तलवारीच्या टोकावर येते. फॅरामीर फ्रोडोच्या गळ्यातली साखळी तलवारीच्या टोकाने उचलतो, अंगठी हवेत झुलते, आणि तो ते वाक्य उच्चारतो. हसणे नाही, खाली बसणे नाही. थोड्याच वेळात ‘अंगठी गाँडोरला जाईल’ असा हुकूम सुटतो आणि दोघा हॉबिटांना ऑस्गिलियाथच्या दिशेने हाकलत नेले जाते. पुस्तकात ज्या वाक्याने हा माणूस मोहातून मोकळा असल्याचे कळते, त्याच वाक्याने चित्रपटात तो मोहात सापडल्याचे कळते. तुम्ही त्याला हिरवी खूण दिली आहे. माझ्या मते तिन्ही चित्रपटांत पुस्तकापासून सर्वांत दूर गेलेले वाक्य हेच आहे.

पटकथा लिहिणाऱ्या फ्रॅन वॉल्श, फिलिपा बोयन्स आणि जॅक्सन यांनी हा बदल का केला, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे, आणि ती कारणे उडवून लावण्यासारखी नाहीत. जी अंगठी भल्याभल्यांना नादी लावते असा धाक पडद्यावर तासन्‌तास उभा केला, तिच्यासमोर एक जण ‘मला नको’ म्हणून सहज बाजूला झाला, तर तो धाक तिथेच संपतो, ही एक अडचण. शेलॉब कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या चित्रपटात ढकलल्यामुळे दुसऱ्याच्या शेवटी फ्रोडो आणि सॅम यांच्यापुढे कसलेच संकट उरत नव्हते, ही दुसरी. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. पण किंमत कोणाच्या खात्यातून वळती केली तेही पाहावे. १९४४ च्या मे महिन्यात टोल्किन यांनी मुलाला लिहिलेल्या पत्रात असे आहे की, एक नवे पात्र कथेत आले आहे, ते मी निर्माण केलेले नाही, मला ते नकोही होते, पण इथिलियनच्या रानात ते आपले चालत आले. पुढे १९५६ च्या एका पत्रात त्यांनी म्हटले आहे की, माझ्यासारखे कोणते पात्र असेलच तर ते फॅरामीर. लेखकाने ज्याच्यात स्वतःला पाहिले, त्याच्याच तोंडचे वाक्य उलटे फिरवले गेले आहे.

गंमत अशी की, तुमच्या तक्त्यात त्याच फॅरामीरसमोर एक लाल खूणही आहे. ऑस्गिलियाथमध्ये तो फ्रोडोला सोडून देतो तेव्हा त्याचा माणूस बजावतो की, आपल्या राज्याचा आणि तुमच्या वडिलांचा कायदा काय आहे ते तुम्हाला माहीत आहे; यांना सोडले तर तुमचे प्राण जातील. फॅरामीर म्हणतो, ‘मग जावोत.’ वाक्य पटकथाकारांनी रचलेले आहे. पण पुस्तकातला फॅरामीर मला त्या दोन शब्दांत परत भेटतो; हिरव्या खुणेच्या वाक्यात तो भेटत नाही.

आता दुसरे उदाहरण, ज्यावर मला थोडे अधिक रेंगाळायचे आहे, कारण एकाच प्रसंगातली वाक्ये किती वाटांनी जाऊ शकतात हे त्यात स्पष्ट दिसते.

पुस्तकाच्या तिसऱ्या खंडात गाँडोरची राजधानी मिनास तिरिथ हिच्या उपचारगृहांचे प्रकरण आहे. शत्रूच्या नाझगूल या पिशाच्चांच्या अधिपतीला मारून रोहानच्या राजाची भाची एओविन स्वतः थंडगार होऊन बिछान्यावर पडली आहे. तिच्या उशाशी तीन पुरुष उभे आहेत : भाऊ एओमेर, जादूगार गॅन्डाल्फ आणि गाँडोरचा भावी राजा अरागॉर्न. बहिणीचे दुखणे या लढाईच्या आधीपासूनचे आहे, हे ऐकून एओमेर चकित होतो; त्याला तिच्यात कधी काही दिसले नव्हते. त्यावर गॅन्डाल्फ त्याला जे ऐकवतो ते मला पूर्ण कादंबरीतल्या सर्वांत मोठ्या बोलण्यांपैकी एक वाटते. तुला घोडे होते, लढाया होत्या, मोकळी राने होती. तिच्यात तुझ्याइतकेच धैर्य होते, पण जन्म बाईचा होता, आणि तिच्या वाट्याला आले ते पित्यासारख्या म्हाताऱ्या राजाची शुश्रूषा करणे आणि त्याला दिवसेंदिवस खचताना पाहणे. राजाचा तो कपटी सल्लागार वर्मटंग, त्याच्याकडे विष होते ते फक्त राजाच्या कानांसाठी होते, असे तुला वाटते काय? आणि मग ते वाक्य : रात्रीच्या कडू प्रहरी, एकटी असताना, सगळे आयुष्य आक्रसत चालले आहे आणि दालनाच्या भिंती रानटी जनावराच्या खुराड्यासारख्या जवळ येत आहेत असे वाटत असताना, ती अंधाराशी काय बोलली असेल कोणास ठाऊक?

चित्रपटात हे वाक्य गॅन्डाल्फला नाही. ते दुसऱ्या चित्रपटात ग्रीमाला, म्हणजे त्याच वर्मटंगला दिले आहे, आणि ते तो एओविनबद्दल नाही तर तिच्याशीच बोलतो, मामेभावाच्या मृतदेहापाशी, तिच्या जवळ जवळ सरकत. भावाचे डोळे उघडण्यासाठी करुणेने उच्चारलेले शब्द इथे तिला कोंडीत पकडण्याचे साधन झाले आहेत. ‘गोरी, थंड, हिवाळ्याला अजून चिकटून राहिलेल्या फिकट वसंतातल्या सकाळीसारखी’, असेही तो पुढे म्हणतो. ही उपमासुद्धा पुस्तकातलीच आहे, पण तिथे ती कोणीच मोठ्याने बोलत नाही; अरागॉर्न तिला पहिल्यांदा पाहतो तेव्हा निवेदनात येते. ‘तुझे शब्द म्हणजे विष आहे,’ असे म्हणून ती निघून जाते.

यासमोर तुमच्यापैकी कोणीतरी आधी हिरवी खूण करून, मग खोडून, लाल केली आहे. ती खाडाखोड पाहून मला आनंद झाला, कारण तिथे तक्ता करणाऱ्याचा हात अडखळला. शब्द पुस्तकातले, बोलणारा वेगळा, ऐकणारा वेगळा, प्रसंग वेगळा, आणि तरीही माझे मत असे की, पटकथाकारांचे हे काम अस्सल वाचकाचे आहे. वर्मटंगचे विष फक्त राजाच्या कानांसाठी नव्हते, हे गॅन्डाल्फच सांगतो. पण ते विष एओविनच्या कानांत पडताना कसे ऐकू येत असेल, हे पुस्तकात कुठेच प्रत्यक्ष दिसत नाही. पटकथाकारांनी तो एका ओळीतला इशारा पकडला आणि तिच्याच दुःखाचे नेमके वर्णन तिच्या शत्रूच्या तोंडी दिले. ज्याला आपले दुःख इतके अचूक कळते तोच आपला वाईटावर टपलेला माणूस आहे, यापेक्षा एकटेपणाचे वेगळे चित्र काय काढणार?

त्याच उशाजवळचे तिसरे वाक्य अरागॉर्नचे आहे. ते तो एओमेरला सांगतो : तिचे तुझ्यावर माझ्यापेक्षा खरे प्रेम आहे, कारण तुला ती ओळखते; माझ्यात ती प्रेम करते ते एका सावलीवर आणि कल्पनेवर. भावाला धीर देण्यासाठी म्हटलेले वाक्य आहे, आणि त्याचा पहिला अर्धा भाग दुसऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे. तिसऱ्या चित्रपटात तो पहिला अर्धा भाग गळून पडतो आणि उरलेला अरागॉर्न घोड्याजवळ उभा राहून एओविनच्या तोंडावर सांगतो : तू प्रेम करतेस ते एका सावलीवर, तुला हवे ते मी देऊ शकत नाही. यासमोर तुमची हिरवी खूण आहे. ते दृश्य वाईट नाही, आणि विगो मॉर्टेन्सन आणि मिरांडा ओटो यांनी ते संयमाने केले आहे. पण पाठीमागे, हळहळत सांगितलेली गोष्ट तोंडावर सांगितली की ती नकार होते, आणि त्यातला भाऊ तर नाहीसाच होतो. म्हणजे एका बिछान्याच्या उशाशी झालेल्या बोलण्यातून पटकथाकारांनी दोन वाक्ये उचलली. एकाचा बोलणारा बदलला आणि त्यांनी काहीतरी कमावले, दुसऱ्याचा बोलणारा तोच ठेवून ऐकणारा बदलला आणि थोडे गमावले. तुमच्या दोन रंगांत हा हिशेब मावत नाही, आणि दोन्ही खुणा माझ्या मते उलट्या पडल्या आहेत.

‘लेखकाला हे चालले असते का’, या प्रश्नावरही गेल्या बैठकीत बराच वेळ गेला. टोल्किन १९७३ मध्ये वारले, तेव्हा या चित्रपटांबद्दलचे त्यांचे मत आपल्याला कधीच मिळणार नाही. त्यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी २०१२ मध्ये एका फ्रेंच दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत चित्रपटांवर कडक टीका केली, ती सर्वांना पाठ आहे. त्याहून कामाची गोष्ट १९५८ मधली आहे. त्या वर्षी अमेरिकेतून आलेल्या एका चित्रपटाच्या आराखड्यावर टोल्किन यांनी लांबलचक शेरे लिहून पाठवले, आणि ते त्यांच्या निवडक पत्रांच्या संग्रहात छापलेले आहेत. त्यांची भूमिका ‘माझा एकही शब्द हलवू नका’ अशी नाही. कथाकथनाचे नियम कोणत्याही माध्यमात सर्वस्वी वेगळे असू शकत नाहीत, आणि वाईट चित्रपट फसतात ते बहुतेकदा मूळ कथेचा गाभा कुठे आहे हे न ओळखता अतिशयोक्ती केल्यामुळे आणि नको ते घुसडल्यामुळे, असे ते म्हणतात. काटछाट त्यांना मान्य होती. झाडमाणसे आणि हॉर्नबर्ग किल्ल्यावरची लढाई यांतले एकच दाखवता येणार असेल तर लढाई गाळा, असे त्यांनी स्वच्छ लिहिले आहे. (त्याच लढाईवर दुसऱ्या चित्रपटाचा शेवटचा मोठा भाग उभा आहे, हे आठवून मला प्रत्येक वेळी हसू येते.) आणि संवादांबद्दल त्यांची एक तक्रार अगदी लहान आहे : गॅन्डाल्फ तोंडातल्या तोंडात फुरफुरत बोलता कामा नये, कारण तो कधी चिडत असला तरी मोठ्या अधिकाराचा आणि प्रतिष्ठेचा माणूस आहे. पात्राने कोणते शब्द म्हटले याच्या आधी ते कसे म्हटले, ते त्याला शोभते का, हे त्यांनी पाहिले.

याला पुस्तकातलाच आणखी एक आधार आहे, आणि तो मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा लवकर कळावा असा आहे. परिशिष्टात टोल्किन सांगतात की, ही सगळी कथा मुळात पश्चिमी बोलीत घडली आणि आपण वाचतो ते तिचे भाषांतर आहे. त्या बोलीत आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखा भेद होता, पण शायरमधल्या हॉबिटांच्या बोलीतून आदरार्थी रूप जवळजवळ नाहीसे झाले होते. त्यामुळे पिपिन हा तरुण हॉबिट मिनास तिरिथमध्ये पहिले काही दिवस सगळ्यांना, अगदी राज्यपालक डेनेथॉरलाही, अरेतुरे करत होता. म्हाताऱ्या डेनेथॉरला त्याची मौज वाटली असेल, नोकरांना धक्का बसला असेल, आणि हा मुलगा त्याच्या देशात कोणी फार मोठा असणार ही आवई बहुधा त्यामुळेच उठली. इंग्रजीत हे दाखवता येत नाही, म्हणून त्यांनी काही मोजक्या जागी जुने ‘दाउ’, ‘दी’ वापरले. अरागॉर्न मृतांच्या वाटेने निघतो तेव्हा एओविन त्याच्याशी बोलता बोलता ‘यू’वरून ‘दी’वर येते : तुझ्याबरोबर हे जातात ते तुझ्यापासून दूर राहवत नाही म्हणून, तुझ्यावर प्रेम आहे म्हणून. लोकांचे नाव घेऊन ती स्वतःचे सांगते आहे, आणि ‘तुम्ही’चे ‘तू’ झाले यातच ते उघड होते. हा बदल मराठीत करायला एक अक्षरही जड जात नाही. सांगायचे इतकेच की, लेखकाच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे पुस्तकातले इंग्रजी शब्द दुसऱ्या हातचे आहेत, आणि भाषांतरात निसटल्याची खंत त्याला वाटली ती कोण कोणाशी कोणत्या नात्याने बोलतो याची.

शब्द बदलल्याने काहीच बिघडत नाही, असे मात्र मी म्हणत नाही. मोरियाच्या पुलावरचे भांडण घ्या. पुस्तकात गॅन्डाल्फ बालरॉग या आगीच्या राक्षसाला पुन्हा पुन्हा एकच सांगतो : तुला इथून जाता येणार नाही. चित्रपटातही सुरुवात त्याच वाक्याने होते, पण काठी दगडावर आपटताना जे गरजून म्हटले जाते, आणि सगळ्या जगाला जे पाठ झाले, ते वेगळे आहे : ‘यू शॅल नॉट पास’. जुन्या इंग्रजी व्याकरणाप्रमाणे त्या ‘शॅल नॉट’चा अर्थ ‘मी तुला जाऊ देणार नाही’ असा होतो. पहिल्या वाक्यात गॅन्डाल्फ जगाचा एक कायदा सांगतो आहे आणि तो स्वतः केवळ त्या कायद्याचा निरोप्या आहे. दुसऱ्यात त्याने स्वतःला पणाला लावले आहे. पडद्यावर दोन्ही वाक्ये याच क्रमाने येतात, कायदा आधी आणि माणूस मागून, म्हणून मला तो बदल खटकत नाही. कोणताही ‘मॅन’ मला काही करू शकत नाही, या नाझगूलच्या अधिपतीच्या बढाईला एओविनने दिलेले ‘मी पुरुष नाही’ हे उत्तर तसे नाही. पुस्तकात ती हसते, आपले नाव सांगते, बापाचे नाव सांगते, आणि मरणाऱ्या राजाच्या आड उभी राहते. पडद्यावर ते सगळे घोषणेएवढे उरले आहे. (मराठीत तो श्लेष होतच नाही, ‘माणूस’ म्हटले तर बाईही त्यात आली, आणि ‘पुरुष’ म्हटले तर कोडे आधीच फुटले.)

पिपिन आणि गॅन्डाल्फ यांचे मरणाबद्दलचे बोलणे हा आपल्या कट्ट्यावरचा सर्वांत जुना वाद आहे, आणि त्यात मी दोन्ही बाजूंना आहे. करड्या पावसाचा पडदा सरतो, सगळे रुपेरी काच होते, आणि पांढरे किनारे व त्यापलीकडे हिरवा देश दिसतो, हे शब्द पुस्तकात आधी फ्रोडोच्या स्वप्नात आणि मग शेवटच्या प्रकरणात, त्याचे जहाज पश्चिमेला पोहोचते तेव्हा, निवेदनात येतात. फ्रोडो तिथे मेलेला नसतो. तो देश म्हणजे मर्त्यांचा परलोक नव्हे, आणि मेल्यावर मर्त्यांचे काय होते हे या कथेत कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा गॅन्डाल्फने पिपिनला ‘मरण म्हणजे हे’ असे सांगणे कथेच्या मुळावर घाव घालणारे आहे, ही पुस्तकवाल्यांची तक्रार बिनचूक आहे. पण तो गॅन्डाल्फ त्याच किनाऱ्यावरून आलेला आहे आणि एकदा मरून परतलेला आहे. दार फुटायच्या बेतात असताना भेदरलेल्या पोराजवळ बसून तो आपल्या घराचे वर्णन करतो आहे. ‘मग तेवढे काही वाईट नाही,’ असे पिपिन म्हणतो तेव्हा मला तत्त्वाची आठवण राहत नाही. घरी आल्यावर राहते.

जिथे मला मुळीच तडजोड करता येत नाही ती जागा सिरिथ उंगोलच्या जिन्यावर आहे. पुस्तकात फ्रोडो सॅमच्या मांडीवर डोके ठेवून झोपला आहे, सॅमलाही डुलकी लागली आहे, आणि त्यांना वाट दाखवणारा, एकेकाळी अंगठी बाळगलेला गोलम परत येतो. त्या दोघांकडे पाहताना त्याच्या डोळ्यांतली चमक विझते, तो एखाद्या थकलेल्या, फार वर्षे जगून आपल्या माणसांपासून लांब पडलेल्या म्हाताऱ्या हॉबिटासारखा दिसू लागतो, आणि भीत भीत हात पुढे करून फ्रोडोच्या गुडघ्याला स्पर्श करतो. सॅम जागा होतो आणि खेकसतो : कुठे चोरासारखा जाऊन आलास? गोलम मिटतो, डोळ्यांत हिरवी चमक परत येते, आणि तो क्षण पुन्हा मिळत नाही. १९६३ च्या एका पत्रात टोल्किन यांनी कथेतला सर्वांत शोकात्म क्षण म्हणून हाच सांगितला आहे. चित्रपटात हा प्रसंग नाही. त्याऐवजी गोलम लेंबासची भाकर कड्यावरून फेकतो, चोरी सॅमवर यावी म्हणून तिचा चुरा त्याच्या झोपेत त्याच्या अंगावर टाकतो, आणि फ्रोडो सॅमला म्हणतो, ‘घरी जा.’ दोन्हीकडे सगळे एका वाक्यावर फिरते. पण पुस्तकातला घात कथेतल्या सर्वांत प्रेमळ माणसाच्या, झोपेतून उठल्या उठल्या बोललेल्या एका शब्दाने होतो, आणि चित्रपटातला घात भाकरीच्या चुऱ्याने. तुमच्या तक्त्यात ‘घरी जा’ला लाल खूण आहे, आणि ती योग्यच आहे, पण सॅमचे पडद्यावर न बोललेले वाक्य मात्र तक्त्यात कुठेच नाही, कारण जे पडद्यावर आलेच नाही त्यासाठी तुम्ही रकाना ठेवलेला नाही.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. तक्ता टाकून देऊ नका. इतके कष्ट करून उतरवलेला मजकूर मी तरी टाकू देणार नाही. रंग पुसा, आणि प्रत्येक वाक्यासमोर तीन अरुंद रकाने आखा : पुस्तकात हे कोण म्हणते, कोणाला म्हणते, आणि त्याआधी व नंतर काय घडते. पुस्तकात असलेली पण पडद्यावर न आलेली वाक्ये शेवटी वेगळ्या पानावर घ्या. ते काम हवे तर माझ्याकडे द्या. राहून गेलेल्या ओळी शोधण्याची मला सवय आहे.

आणि येत्या बैठकीत भांडण सुरू होण्याआधी आपण उपचारगृहांच्या प्रकरणातले ते उशाशी झालेले बोलणे मोठ्याने वाचावे, आणि लगेच दुसऱ्या चित्रपटातले ग्रीमाचे दृश्य पाहावे. वाचायला तीन जण लागतील : गॅन्डाल्फ, अरागॉर्न आणि एओमेर. एओविनचे वाचायला त्या बोलण्यात काही नाही, तोवर ती बेशुद्ध आहे. पण तिच्यासाठी एक खुर्ची मात्र मधोमध मांडून ठेवावी, आणि तिघांनी तिच्याकडे पाहून वाचावे.

आपली,
कट्ट्यावरची एक जुनी सभासद